सत्तेचाळीस नंबरचा शर्ट

आमच्या इमारतीत कपडे धुण्याची मशीनं बेसमेंटमध्ये आहेत. कॅनडात, एटोबिकोला मुलाकडे आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी एका मशीनपुढे उभी होते आणि ते काही सुरू होईना. इंग्रजी मला येत नाही, आणि मराठीतही मी कुणाशी आपणहून बोलणारी नव्हे. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बये, दार नीट लाव आधी. उघड्या दारात पाणी कसं येईल?"

मागे एक सावळी म्हातारी उभी होती. लांब झगा, डोक्याला रुमाल. मला भास झाल्यासारखं वाटलं.

"घाबरलीस? अलिबागकडची मी. ज्यू. आम्हाला शनवारतेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून. मी मात्र जन्मात तेल गाळलं नाही, कपडेच धुतले."

अशी आमची ओळख झाली. मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्यांची मुलगी नोकरीला जाते, म्हणून दिवसा मी आठव्या मजल्यावर त्यांच्याजवळ बसायला जाऊ लागले. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. माणूस ओळखू येतं, सुईत दोरा ओवता येत नाही.

मावशी तरुणपणी आईवडील आणि धाकट्या भावाबरोबर इस्रायलला गेल्या. तिथे ते किबुत्झमध्ये राहिले. किबुत्झ म्हणजे काय हे त्यांनीच मला सांगितलं. साऱ्या वस्तीचं शेत एक, स्वयंपाकघर एक, कपडे धुण्याची जागाही एक. प्रत्येकाला एक नंबर. तो कॉलरच्या आत शिवायचा, म्हणजे धुतलेला कपडा बरोबर त्याच्या खणात जातो. मावशी तिथेच कामाला होत्या. भिंतीवर भावाचा फोटो होता, शिपायाच्या वेषात, कान पुढे आलेले, हसणारा. "माझा धाकटा. लढाईत गेला," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एक दिवस मी धुण्याचे कपडे गोळा करत होते. मावशी झोपल्या होत्या. खुर्चीवर एक जुना निळा शर्ट होता, खिशाचं बटण तुटलेलं. कॉलरवर मळाची काळी रेघ, आत लाल दोऱ्याने शिवलेला सत्तेचाळीस. पुरुषी शर्ट आणि किबुत्झचा नंबर पाहून मला कळलं की तो मावशींच्या भावाचा.

आमच्या गावी माणूस गेलं की त्याचं काही मळकं ठेवत नाहीत. धुऊन टाकतात, देऊन टाकतात. आई म्हणायची, मळक्या कपड्यात जीव अडकून राहतो. शर्ट हातात घेतला आणि मानेवर कुणीतरी फुंकर मारल्यासारखं झालं. वाटलं, म्हातारीला दिसत नाही, तिच्याकडून राहून गेलं असेल. आपण मोकळं करू. मी तो वासाचा साबण घालून दोनदा धुतला, इस्त्री करून परत खुर्चीवर ठेवला.

दुपारी मावशींनी काचेच्या पेल्यातली मेणबत्ती लावली. भाऊ गेल्याचा दिवस होता. "खुर्चीवरचा शर्ट दे," म्हणाल्या. त्यांनी त्यात तोंड खुपसलं आणि तशाच राहिल्या. मी दारात उभी होते.

"हा कुणी धुतला?"

 सांगितलं नसतं तर त्यांच्या मुलीवर आळ गेला असता. "मी," म्हटलं.

त्यांनी शर्ट मांडीवर घेतला. "लढाईवर गेला त्या आठवड्यात त्याचे सगळे कपडे मी धुतले. घड्या घालून त्याच्या खणात ठेवले. तेव्हा तो मेलेला होता आणि मला ठाऊक नव्हतं. बटण लावायचं म्हणून हा एक बाजूला राहिला होता. पन्नास वर्षं सांभाळला. वर्षातून एकदा काढायचे. त्याच्या मानेचा वास होता गं ह्यात." मग म्हणाल्या, "जा तू घरी."

चार दिवस बोलावणं आलं नाही.  पोळी लाटताना हात थांबायचा. कुणाचा तरी भाऊ आपण पाण्यात सोडून आलो, असं वाटायचं.

पाचव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी वर गेले. शर्ट खुर्चीच्या पाठीला टांगलेला होता.

"कॉलर बघ. मला दिसत नाही, पण वास आलाय."

मी पाहिलं. काळी रेघ परत आली होती.

"नीट धुतला होतास ना?"

"दोनदा, मावशी."

"तुम्ही कुणी घातला होतात का?" असं मी विचारणार होते. पण त्यांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, त्यांचा झगा मीच चढवते. आणि मुलगी अंगाने दुप्पट.

मावशी मात्र शांत होत्या. "कामावरून आला की असाच खुर्चीवर टाकायचा, गाढव. धू परत. वासाचा साबण नको."

तेव्हापासून दर गुरुवारी मी तो त्यांच्या न्हाणीघरात बादलीत, हाताने धुते. दर गुरुवारी रेघ असते. जुना मळ कपड्याच्या पोटातून वर येतो, हे मलाही ठाऊक आहे. एकदा येईल, दोनदा येईल. मी मोजायचं सोडलं. मावशी आता जेवतात नीट, फोटोला शिव्या घालतात. एकदा मी विचारलं, बटण लावू का? "नको. मग त्याला यायला काय कारण राहील?"

काल गुरुवार होता. कॉलर उजेडात धरली. स्वच्छ होती. खिडकीपाशी नेली, आतून पाहिली, बाहेरून पाहिली. रेघ नव्हती. 

"मळलाय का गं?" बाहेरून मावशींनी विचारलं.

एकदा मी त्यांचा भाऊ त्यांच्यापासून हिरावला होता. दुसऱ्यांदा माझ्याने होईना.

"मळलाय, मावशी. चांगलाच."

"मग धू."

नळ सोडला, बादली भरली, शर्ट बुडवला. नुसता बुडवला, साबणाला हातही लावला नव्हता. कॉलरपासून पाणी मातकट होऊ लागलं, आणि होत होत बादलीचा तळ दिसेनासा झाला.

"निघतोय का मळ?"

"निघतोय," मी म्हटलं, आणि हात पाण्यातच ठेवून बसले.