पार्वतीचा एकही खाडा नाही

शेलारहून भिवंडीकडे येताना ओढ्यावर एक मोरी लागते. त्या मोरीच्या कठड्याआड तुळजा रोज सकाळी थांबायची. पिशवीतून डबी काढून कपाळावर ठसठशीत कुंकू लावायची, गळ्यात काळी पोत घालायची आणि मग कारखान्याची वाट धरायची. संध्याकाळी त्याच जागी पदराचं टोक ओलं करून कुंकू पुसायची, पोत पिशवीत टाकायची आणि गावात शिरायची. तिचा नवरा विठू ट्रकवर क्लीनर होता. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तोच घाटात गेला. त्यामुळे गावात ती विधवा होती. कारखान्यात मात्र सवाष्ण, कारण कारखान्यात ती तुळजा नव्हतीच. तिथं ती पार्वती होती.

यात कुणाला लबाडी वाटत असेल तर खुशाल वाटो. पार्वती ही तुळजाची थोरली जाऊ, दामूची बायको. कारखान्यात कांड्या भरायचं काम तिला मिळालं होतं. लूमच्या धोट्यात जी दांडी बसते तिच्यावर सूत भरायचं, की झाली कांडी. बायांचं काम, उभ्यानं करायचं. पार्वतीच्या नावावर पितळी बिल्ला होता, एकशे एकोणीस नंबरचा. ती पहिल्यांदा गरोदर राहिली आणि पाय सुजायला लागले तेव्हा तोच बिल्ला घेऊन तुळजा गेली. कांडी खात्यावर जानकीबाई मुकादमीण होती. तिनं नवा चेहरा पाहिला, बिल्ला पाहिला आणि म्हणाली, "कांडी भरली म्हंजे झाली. हात कुनाचा हाय ते सूत इचारत न्हाय."

मग ते तसंच चालू राहिलं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एक जाऊ शेतात, एक ड्युटीवर. पुढच्या आठवड्यात उलट. पोरं दोघींची मिळून. आसपासच्या गावांतल्या निम्म्या बाया असंच करायच्या, त्यामुळे कुणी कुणाचं नाव सांगायचा प्रश्नच नव्हता. पार्वतीला दुसरी मुलगी झाली ती कारखान्यानं ठरवून दिलेल्या दवाखान्यात. फुकटात झालं सगळं. ज्या दिवशी पार्वती तिथं कळा देत होती त्या दिवशी पार्वतीनं कांडी खात्यात अख्खा दिवस भरला. दवाखान्याची वही दवाखान्यात, कांड्यांची जानकीबाईकडे, गेटची गेटवर, पगाराची वरच्या ऑफिसात. या वह्या एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या, आणि दोन जावांचा संसार त्या मधल्या फटीत सुखानं चालला होता.

फट बुजवली ती छोट्या शेठनं. मालकाचा हा मुलगा बाहेर शिकून आलेला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळा राग त्याच्यावर काढून आपण मोकळे होऊ. त्याला दिसायचं ते खरंच होतं. गोडाउनात सुताच्या गोण्या पडून आहेत आणि लूमवाले सूत नाही म्हणून विड्या फुंकत बसलेत. मुंबईच्या पेढीनं जो माल विकून टाकला तो इकडे लूमवर चढलेलाच नाही. याचं त्याला ठाऊक नाही, त्याचं याला नाही. त्यानं सगळं एका माळेत ओवायचं ठरवलं. सुताला नंबर, लूमला नंबर, माणसाला नंबर. प्रत्येक खात्यानं रोज चिठ्ठी करायची, सगळ्या चिठ्ठ्या आठवड्याला मुंबईला जायच्या, तिथं एका कंपनीचं मशीन भाड्यानं घेतलेलं. भोकं पाडलेली कार्डं त्या मशीनच्या पोटात जायची आणि सतरंजीएवढा कागद परत यायचा.

गेटवरचा हजेरीबाबू केसरीनाथ कोन गावचा. त्याला या कागदाचा कोण अभिमान! जणू त्याच्याच शेतात पिकला होता. "आता कसं," तो आल्यागेल्याला सांगायचा, "तू गेटमधी पाय टाकला का पगारवाल्याला कळतं. सूत सरायच्या आधी पेढीला कळतं. कारखाना एक डोक्यानं चालतो आता." आणि खरंच चालायला लागला. लूम रिकामे राहीनात. कारागिरांच्या हाती जास्त पडायला लागलं. चांगलं झालं ते चांगलंच म्हणायला हवं.

मग एके दिवशी छोट्या शेठनं एकशे एकोणीस नंबरला वर बोलावलं. त्या दिवशी ड्युटीवर तुळजा होती. शेठ कागदावर बोट ठेवून हसून म्हणाला, "पार्वतीबाई, एक हफ्ता इतना बढिया काम, दुसऱ्या आठवड्यात एवढं कमी? तब्येत ठीक नाही का?"

तुळजा पदर चावत उभी राहिली. खोटं कशाला बोला, भीतीच्या खाली तिला बरंही वाटलं. तो भरगच्च आठवडा तिचा होता. इतकी वर्षं आपण बरं काम करतो की वाईट, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आज मुंबईच्या कागदानं सांगितलं. नाव तेवढं दुसरीचं घेतलं.

"बढियावालं काम रोज पायजे," शेठ म्हणाला. "येतं ना तुम्हाला? मग रोज का नाही?"

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा पार्वती चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "मंग तूच जा रोज. माजा हात न्हाय तेवडा चालत."

त्या दिवसापासून पार्वतीच्या जागी पार्वती गेली नाही. तुळजाला शेत आवडायचं, पार्वतीला कारखाना. बायांच्या गप्पा, नाक्यावरचा चहा, हातावर पडणारा आपला पगार. दोघींना जे आवडायचं तेच नेमकं सुटलं. संध्याकाळी पार्वती खोदून खोदून विचारायची, जानकीबाय काय म्हनली, अमकीच्या पोरीचं जमलं का. तुळजा थकलेली असायची, तुटक उत्तरं द्यायची. ती तुटक उत्तरं पुढं तिला जन्मभर खात राहिली.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. मालाला उठाव नव्हता, आणि आणीबाणीच्या त्या सालात संपाचं नाव काढायची सोय नव्हती. माणसं कमी करायची ठरली. पूर्वी मुकादमाच्या हातापाया पडून नाव वाचवता यायचं. आता कुणाच्या पाया पडणार? ज्याचे खाडे जास्त त्याचं नाव कागद स्वतःच वर काढून दाखवायचा. केसरीनाथनं बजावून ठेवलं होतं, "मरा, पन खाडा करू नका."

आवणी संपता संपता पार्वतीला ताप भरला. एकटीनं चिखलात उभं राहून तिनं सगळी लावणी ओढली होती. डोळे पिवळे झाले. दामू तिला कारखान्याच्या दवाखान्यात न्यायला निघाला, तशी पार्वतीच म्हणाली, "आधी इचारा."

तुळजानं गेटवर केसरीनाथला विचारलं. "दवाखान्याची चिट्टी बी मुंबईला जाते का वो?"

"जाते तर!" तो फुशारकीनं म्हणाला. "गेटवर हजर आनि खाटेवरबी हजर, असं निघालं का मशीन लगेच बोट ठेवतं." मग त्याच्या लक्षात आलं कोण विचारतंय. त्याला सगळं ठाऊक होतंच. तो खाली मान घालून बिल्ले नीट लावत बसला.

तुळजानं घरी सांगितलं, मी घरी बसते, पार्वतीबायला न्या. पार्वती उसळली. "तू बसलीस का खाडं पडनार. नाव गेलं का पोरं काय माती खानार? काविळीचं अवशद लोनाडचा वैदू देतो, त्यानं किती बरी झाली मानसं!" त्यात खोटं काही नव्हतं, झालीच होती बरी कितीतरी. दामूनं झाडपाल्याचा रस आणला. तो चार दिवस दिला. पार्वती बरी होण्याऐवजी बडबडायला लागली.

शुक्रवारी लूम बंद. त्या सुट्टीच्या दिवशी दामू आणि तुळजानं तिला बैलगाडीत घालून सरकारी इस्पितळात नेलं. वाटेत पार्वतीला शुद्ध आली. तिनं गळ्यातली पोत ओढून काढली आणि तुळजाच्या मुठीत दिली. पदरानं स्वतःच कपाळ पुसलं. दामू ओरडला, "काय करतीस?"

टेबलामागच्या कारकुनानं नाव विचारलं. दामूनं तोंड उघडायच्या आत पार्वतीच म्हणाली, "तुळजा."

"नवरा?"

"वारला."

"हे कोण?" कारकुनानं दामूकडं पाहिलं.

ज्या बाईबरोबर त्यानं दहा-बारा वर्षं संसार केला, जिच्यापासून त्याला दोन पोरं होती, तिच्याबद्दल दामू म्हणाला, "धाकट्या भावाची बायको."

त्याच्याशेजारी तुळजा उभी होती. मी हाय तुळजा, असं तिला ओरडायचं होतं. मुठीत पोत रुतत होती. तिनं मूठ आणखी आवळली. तिला मुलं दिसत होती, चूल दिसत होती, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं पोटही दिसत होतं. पार्वतीच्या नावाशिवाय तिला या जगात कुठंच जागा नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, झटले बिचारे. पण म्हणाले, फार उशिरा आणलंत.

रविवारी पहाटे पार्वतीला घरी आणलं ते गाडीत झाकूनच. अंगणात बाया जमल्या. तुळजानं तिला आंघोळ घातली. हिरवी चोळी शोधत असताना दामू मागं येऊन उभा राहिला.

"तू ड्युटीला जा."

"भावोजी, आज?"

"आजच. ती कशापायी गेली मंग?"

तुळजा गेली. मोरीपाशी बसली. डबी उघडली आणि बोट काही कपाळाकडं जाईना. गावात दामू आपल्या बायकोच्या कपाळावर मळवट भरत असेल, तिची तिला परत मिळालेली सवाष्णीची खूण. आणि इथं ही विधवा तिच्याच नावाचं कुंकू लावायला बसलेली. शेवटी तिनं कुंकू लावलं, पार्वतीची पोत गळ्यात घातली आणि बिल्ला दाखवून आत शिरली. कांडी खात्यात सगळ्यांना कळलेलं होतं. तुळजाचे हात चालत नव्हते, सूत तुटत होतं. जानकीबाई दोन-तीनदा जवळून गेली आणि दर वेळी आपल्या ओटीतल्या कांड्या तिच्या टोपलीत टाकून गेली. हे मात्र मुंबईच्या कागदाला कधी कळलं नाही. एवढीच काय ती फट उरली होती.

इस्पितळाच्या दाखल्यावर तुळजा मेली. पुढं रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी झालं. दामूनं ते मुकाट होऊ दिलं.

पुढच्या दसऱ्याला कारखान्यात मशिनींची पूजा झाली. लूमना झेंडूच्या माळा, सगळ्यांना पेढे. छोट्या शेठनं यंदा नवीन पद्धत काढली होती. कागदात बघून ज्यांचा वर्षात एकही खाडा नाही त्यांना बक्षीस. पहिलं नाव एकशे एकोणीसचं आलं. "पार्वतीबाईंनी सणवार, आजारपण काही म्हणून बघितलं नाही," शेठ मनापासून म्हणाला. स्टीलचा मोठा डबा त्यानं तिच्या हातात दिला. डब्यावर नाव कोरलेलं होतं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. कांडी खात्यातल्या बाया खाली बघत बसल्या, आणि केसरीनाथ गेटवर काहीतरी काम असल्यासारखा उठून गेला.

संध्याकाळी मोरीपाशी कुंकू पुसून तुळजा घरी आली. डबा तिनं दामूच्या पुढ्यात ठेवला. त्याला थोडं वाचता यायचं. त्यानं कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला.

"कशाचा?"

"वरीसभर एकबी खाडा न्हाय म्हनून."

दामूनं विचारलं, "तो रइवार बी धरला?"

"धरला," तुळजा म्हणाली.

त्यानं डबा उचलून फळीवर ठेवला, नाव भिंतीकडं करून. त्या डब्यात त्या घरात कधी काही भरलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजा मोरीपाशी थांबली, कुंकू लावलं आणि ड्युटीवर गेली.