आत्यांच्या हातातली रोजमेरी

पावडर लावून आलेल्या माणसाला आत्या भट्टीजवळ फिरकू देत नसत. मग तो सरपंच असो नाहीतर घरचा जावई. लांबूनच ओरडत, "आदी तोंड धू! लगीन हाय का तुजं?" पहिल्याच दिवशी मलाही त्यांनी हौदावर पिटाळलं होतं. कंपनीचा माणूस म्हणून शिरूरहून निघताना मी अंगावर सेंट मारला होता ना! तीनदा साबणानं मान घासली, तरी त्यांचं नाक वाकडंच. "अजून येतोय. त्या तिकडल्या दगडावर बस." त्या दिवशीची सगळी बोलणी आम्ही हाका मारून केली.

वरवंडच्या पलीकडच्या माळावर त्यांची तेलाची भट्टी होती. माळावर आपोआप येणारं रोशा गवत कापायचं, हंड्यात भरायचं, खाली जाळ घालायचा. वाफ थंड झाली की पाण्यावर तेल तरंगतं. अत्तरवाले ते घेऊन जातात. भट्टी मुळात त्यांच्या वडिलांची. नवरा लवकर गेला म्हणून त्या माहेरी परत आल्या आणि साऱ्या गावाच्याच आत्या झाल्या. मी रांजणगावच्या एका तेलाच्या कंपनीत माल तपासायला होतो. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, पण वास घ्यायला शिकवलं ते आत्यांनी. तेलाचा थेंब मनगटाच्या मागच्या बाजूला लावायचा आणि लगेच हुंगायचं नाही. मी घाई केली की हातावर चापटी बसे. "थांब की जरा! भेसळ आसंल तर ती आदी उडून जाती. मागं काय ऱ्हातंय ते बघ."

गवत कापतानाही त्यांचा तोंडाचा पट्टा चालू असे. खाली चार बोटं ठेवूनच विळा चालवायचा, मधली काही ठोंबं बियाला सोडायची. एकदा एका बाईनं घाईत मुळासकट ठोंब उपटलं. आत्यांनी ते तिच्याकडूनच परत लावून घेतलं आणि पंधरा दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. ठोंब जगलं, तेव्हा कुठे बोलल्या.

मग केसांसाठी रोजमेरी या परदेशी झुडपाच्या तेलाचं खूळ आलं. जो तो रोजमेरी मागू लागला. आमच्या भागातल्या एका बागायतदारानं ठिबकवर ती लावलीच होती. कंपनीनं त्याची पोती आत्यांच्या भट्टीवर उतरवली. कंपनीच्या साहेबांना जाहिरातीसाठी फोटो हवे होते, म्हणून मी मोबाइल काढला. म्हटलं, "आत्या, ही फांदी धरा आणि जरा वास बघा." त्यांनी पानं चोळली, फांदी नाकाशी नेली. कपाळाला आठी पडली आणि त्याच वेळी मी फोटो काढला. पुढच्या क्षणी त्या कडाडल्या, "फवारलंय ह्ये! फेक आदी! माज्या हंड्यात न्हाई जायाचं." पोती आल्या टेम्पोनं परत गेली. साहेबांनी त्याच पानांचं तेल दुसरीकडून काढून आणलं.

फोटो मात्र साहेबांना फार आवडला. "काय चेहरा आहे रे! एकदम ओरिजिनल!" तो बाटलीच्या लेबलवर गेला आणि खाली ओळ आली, 'रानातून वेचलेल्या सेंद्रिय रोजमेरीचं शुद्ध तेल'. ओळ साहेबांनी सांगितली, पण टाइप केली मी. माझ्याच या बोटांनी. अहो, रानातून? दौंड-शिरूरच्या कुठल्या माळावर रोजमेरी उगवते, दाखवा मला! जी बाई फवारलेल्या पानाला हंड्याचं झाकण उघडत नाही, तिचंच तोंड फवारलेल्या तेलावर चिकटवलं आम्ही. आजही दुकानात तसली बाटली दिसली की माझं डोकं सणकतं. साहेबांवर नंतर, आधी स्वतःवर.

आत्यांच्या भाचीनं ती बाटली कुठून तरी आणून त्यांना दाखवली. दुसऱ्याच दिवशी दोन एसट्या बदलून आत्या कंपनीच्या गेटवर हजर. त्यांनी बाटली माझ्यासमोर धरली. लेबलवरचा स्वतःचा चेहरा अंगठ्याच्या नखानं खरवडून अर्धा काढला होता. "पोरा, फोटू काढला तवा मी काय म्हणले? सांग ह्यास्नी." साहेब उभे होते, वॉचमन उभा होता, पहिल्या शिफ्टची पोरं बघत होती. साहेब हसून म्हणाले, "अहो आत्या, जाहिरात आहे ती. एवढं काय मनावर घेता?" आत्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मी काय बोललो? "आत्या, तुम्ही घरी जा. मी बघतो." मी काही बघणार नव्हतो, हे त्यांना कळलं. त्या जवळ आल्या, माझ्या मानेपाशी हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "मान धुऊन आलायस की आज. बाकीचं कवा धुणार?"

त्यानंतर कंपनीचं एक पोतंही त्यांनी भट्टीवर चढू दिलं नाही. मी नोकरी सोडली, पण लगेच नाही. चांगल्या वर्षभरानं, दुसरी मिळाल्यावर. तेवढंच माझं शौर्य. आत्यांकडे जायचं रोज ठरवत होतो.

गेलो तो त्यांच्या दहाव्याला. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा फोटो, त्याला हार, खाली अगरबत्तीचा धूर. आत्यांच्या हातात रोजमेरीची फांदी, कपाळाला आठी. भाची डोळे पुसत म्हणाली, "दादा, तुमीच काढून मोबाइलवर धाडलेला न्हवं? आत्याचा दुसरा धड फोटूच न्हवता घरात. किती मन लावून वास घ्यायलीय बघा." आलेली माणसं त्या फोटोला हात जोडत होती.

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. फांदी मीच हातात दिली होती, तिला औषधाचा वास येत होता, आत्या 'फेक' म्हणत होत्या, लेबलवरची ओळ मी लिहिली होती. बोलताना माझा आवाज चढला होता. भाचीनं अगरबत्ती उचलली, तांब्यातल्या पाण्यात विझवली आणि माझ्याकडे वळली.

"येवढं मोठ्यानं बोलता येतंय की तुमाला दादा. मग त्या दिशी गेटवर का न्हाई बोलला?"