पान १२६ साठी चँडलर

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट ते ॲरिझोनातलं चँडलर जवळपास सातशे मैल आहेत. लोक एका दमात जातात. मी दोन दिवस घेतले, कारण थकल्यावर गाडी चालवायची मला भीती वाटते. निघताना टायरची हवा दोनदा तपासली आणि मी ताईकडे राहतो त्या टाउनहाऊसचं दार तीनदा.

जायचं ठरलं ते व्हॉट्सॲपवरच्या एका यादीमुळे. चँडलरचे एक निवृत्त इंजिनिअर काका छोट्या अपार्टमेंटमध्ये राहायला जाणार होते. गॅरेजमधल्या जुन्या मराठी मासिकांची यादी त्यांनी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, सोमवारी ट्रक येऊन सगळं रद्दीत नेणार. यादीत आजोबांचा अंक होता.

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांची छापून आलेली ती एकुलती एक कथा. नागपुरात आमच्या वस्तीतल्या कुणाचंच नाव तोवर मासिकात आलं नव्हतं. कथेतला तरुण नोकरीसाठी घर सोडतो. इटारसीला गाडी थांबते, परत फिरावं म्हणून तो बोचकं उचलतो, आणि तिथे लिहिलंय, ‘उर्वरित मजकूर पान १२६ वर’. आमच्या घरच्या कात्रणात ते पान नाही. तो उतरला आणि परतीच्या गाडीने घरी आला, असं आई मला लहानपणी सांगायची. निघण्याआधी फोन केला तेव्हाही म्हणाली, “शेवट सांगितलाय ना मी तुला? कशाला एवढ्या लांब जातोस?”

काकांकडे आधी फोटोच मागितला होता. गुडघ्यामुळे त्यांना खोकी उचलता येत नव्हती. ये आणि शोध, म्हणाले.

शनिवारी आय-फाइव्ह हायवेने दक्षिणेकडे. ग्रेपव्हाइनच्या घाटात ट्रक फार असतात, उजव्या लेनमध्ये राहा. पाम स्प्रिंग्जजवळ पवनचक्क्यांचं रान लागतं. मी मात्र थांबलो नाही, तिखटमिठाच्या पुऱ्याही गाडीतच खाल्ल्या. मुक्काम ब्लाइथला, साधं मोटेल. तिथे गॅस, म्हणजे पेट्रोल, भरू नका. नदी ओलांडून ॲरिझोनात शिरलं की बराच स्वस्त मिळतो.

रविवारी दहाला मी काकांच्या गॅरेजमध्ये होतो. मी खोकी उतरवत होतो आणि काका खुर्चीत बसून सांगत होते. त्यांच्या लहानपणी अंक यायचा त्या दिवशी स्टॉलवर गर्दी व्हायची, नव्या कथेवरून घराघरांत दोन तट पडायचे, मुली लेखकांचे फोटो वहीत जपायच्या. सातव्या खोक्यात बांधीव खंड सापडला. आजोबांची कथा होती. पान ११२ नंतर थेट पुठ्ठा.

काका ओशाळले. “मागची पानं जाहिरातींचीच असायची. इकडे आणायला वजन नको, म्हणून बाइंडरला काढायला सांगितली.”

“गोष्टींची शेपटं तोडलीत,” दारातून काकू म्हणाल्या, “आणि जन्मभर मलाच ऐकवलंत, तू वाचत नाहीस म्हणून.” मग मला विचारलं, “महिना कुठला रे?”

काढलेल्या पानांतली पाककृतींची तेवढी त्यांनी जपली होती. फायलीत पान १२५ वर लिंबाचं लोणचं निघालं. मागे, पान १२६ वर, केशतेलाच्या जाहिरातीच्या वरच्या बाजूला आजोबांच्या एकोणीस ओळी.

काका म्हणाले, फोटो काढ की. काकूंनी ऐकलं नाही. “पान त्याचं आहे.” डायनिंग टेबलाशी बसून त्यांनी लोणच्याची कृती हाताने उतरवून घेतली आणि पान मला दिलं.

मी ते गाडीत वाचलं. तो उतरत नाही. गाडी सुटते, तो बोचकं मांडीवर घेऊन बसून राहतो.

परतीचे सातशे मैल आईला सांगावं की नाही यातच गेले. एक एक्झिट चुकलो, पुन्हा ब्लाइथला थांबलो, झोप लागली नाही. तिच्या बाबांच्या कथेचा शेवट तिने आयुष्यभर चुकीचा धरला होता, आणि तो मोडायला निघालो होतो मी. बी.ए. अर्धवट टाकून इकडे आलेला, सहा वर्षांत एकदाही नागपूरला न गेलेला.

सोमवारी घरी पोचलो आणि बूट न काढताच फोन लावला.

“आई, तो उतरत नाही.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “बाबांनी वाचून दाखवलं होतं. तू लहान होतास. तो आलाच नाही असं सांगितलं की उठून दाराची कडी बघत बसायचास. मग मीच त्याला उतरवला.”

मी पान काढलं.

“आता वाच,” ती म्हणाली. “बाबांनी लिहिलंय तसंच.”

मी एकोणीस ओळी वाचल्या. मग तिने विचारलं, जेवलास का.