माऊस घेताना उलटा करून बघायचा

दुकानदाराकडं किस्से कसे साठतात? गिऱ्हाईकाला आपला संशय आला की एक किस्सा जमा होतो! आमच्याकडं तर पोत्यानं साठलेत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी आणि माझा मित्र विलास, आम्ही राजारामपुरीत सातव्या गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. मॉनिटर, सीपीयू, प्रिंटर यातलं गिऱ्हाईकाला काही कळायचं नाही, आणि ते तसं कबूलही करायचं. पण माऊस! ती एकच वस्तू मुठीत मावायची. त्यामुळं अख्ख्या कॉम्प्युटरवरचा संशय त्या बिचाऱ्या माऊसवर निघायचा. लोक तो उलटा करून बघायचे, कानाजवळ धरून हलवायचे. वास घेणारेही भेटले!

* * *

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी, तात्या. ढेप फोडून आतला रंग बघितल्याशिवाय गूळ न घेणारा माणूस, तो माऊस काय असाच घेणार?

"खोलून दावा."

तेव्हा गोळीचे माऊस होते. खालचं झाकण फिरवलं की गोळी हातात. तात्यांनी ती दाबून बघितली, हातात तोलून बघितली.

"वरनं रबर दिसतंय, पर जड हाय. आत काय घातलंय?"

"लोखंड, तात्या."

"आनि ही काढली तर?"

"माऊस चालत नाही."

तात्यांचे डोळे चमकले. "मग ह्योच द्या!"

त्या दिवसापासून पेढी बंद करताना तात्या गोळी काढायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे आणि घरी जायचे. आपल्या माघारी दिवाणजीनं कॉम्प्युटर लावू नये म्हणून! "कुलपापेक्षा भारी हाय," असं सगळ्या यार्डात सांगायचे.

एकदा ते सांगलीला लग्नाला गेले, गोळी खिशात घेऊन. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर सगळी बिलं तयार! तसेच तणतणत आमच्याकडं आले.

"पावणं, फशिवलासा मला! तुमचा माऊस गोळीबिगर चालतोय!"

दिवाणजीनं पहिल्याच आठवड्यात आमच्याकडनं जादा गोळी नेली होती, हे सांगायचं तरी कसं?

विलास शांतपणे म्हणाला, "नवा असता तर चालला नसता, तात्या. आता सवय झालीया त्याला!"

* * *

मधे आम्ही हौसेनं एक ट्रॅकबॉल मागवला. हा माऊस जागचा हलत नाही, त्याच्या पाठीवरची मोठी गोळी बोटानं फिरवायची. काचेच्या कपाटात दिमाखात मांडून ठेवला.

कळंब्याचे एक मामा आले. त्यांनी तो इकडनं बघितला, तिकडनं बघितला. मग विलासला बाजूला घेऊन हळूच म्हणाले,

"मेलेला इकतासा व्हय? उताणा पडलाय की!"

* * *

मग ऑप्टिकल आले. पोटातली गोळी गेली आणि लाल दिवा आला. पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी लगेच एक नेला. दुसऱ्या दिवशी फोन. "तुम्ही मला डुप्लिकेट माल दिलात. बाण जागचा हलत नाही!"

गेलो. बघतो तर टेबलावर जाड, पारदर्शक काच.

"डॉक्टर, हा काचेवर चालत नाही. खाली काहीतरी ठेवावं लागतं."

"काच दवाखाना उघडल्यापासून आहे. माऊस काल आला. दोष नव्यातच असणार!"

हाताला आली ती एका पेशंटची फाईल मी माऊसखाली सारली. बाण पळायला लागला. डॉक्टरांचा संशय मात्र गेला नाही. मी माऊस पॅडचं नाव काढल्याबरोबर म्हणाले, "बघा! आता पॅड खपवणार!"

पॅड काही त्यांनी घेतलं नाही. जो पेशंट समोर असेल त्याच्याच फाईलवर माऊस ठेवून काम करायला लागले.

काही दिवसांनी माझी मावशी गुडघा दाखवायला त्यांच्याकडं गेली. तिथनं तडक दुकानात आली.

"लई हुशार डॉक्टर हाय रं! माझ्या फायलीवर लाल दिव्याचं मशीन फिरवलं आन् समदं कळलं त्याला."

"मावशी, अगं तो माऊस आहे. आम्हीच विकतो."

मावशीनं माझ्याकडं खालून वरपर्यंत बघितलं.

"तूच इकतोस? मग माझा गुडघा एवढा दुखतोय, घरात एक आणला का न्हाईस?"

* * *

त्याच सुमाराला हाताच्या आकाराचे, एका अंगाला वळलेले माऊस निघाले. लोकांना भारी आवडले. कांबळे मॅडम सोडून!

मॅडम एका पतसंस्थेत होत्या. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे लांब सरकले, आणि त्या पुढं होऊन शिकल्या. डावखुऱ्या. एकेका माऊसवर डावा हात ठेवायच्या आणि बाजूला सारायच्या. "हा उजव्यांचा. हाही उजव्यांचा." शेवटी म्हणाल्या, "दोन्ही हातांना सारखं वागवणारा आहे का हो एखादा?"

एक साधा, सरळ माऊस निघाला. जोडायला गेलो तेव्हा डाव्या-उजव्या बटणांची कामंही बदलून दिली. मॅडम खूश.

आठवड्याभरात त्यांच्या मॅनेजरचा फोन. "बाईंनी मशीनला काहीतरी करून ठेवलंय. आम्ही क्लिक केलं की भलतंच उघडतंय. मी चौकशी लावणार आहे!"

पळत गेलो. मॅनेजर, अकाउंटंट, शिपाई सगळे टेबलाभोवती उभे. मॅडम एका बाजूला, चेहरा उतरलेला. मी बटणांचा प्रकार समजावून सांगितला.

"म्हणजे उलटं केलंय की नाही!" मॅनेजर म्हणाले.

तेव्हा मॅडम बोलल्या. "साहेब, इतकी वर्षं मी ऑफिसातली उजव्या हाताची कात्री चालवली, ट्रेनिंगला उजव्या बाजूला फळी असलेल्या खुर्चीवर लिहिलं. मी कधी चौकशी लावली का?"

मॅनेजर केबिनमध्ये गेले ते बाहेर आलेच नाहीत.

निघताना मी मॅडमना म्हटलं, "दुसऱ्यांसाठी एक जादा माऊस जोडून देऊ?"

"मुळीच नको! आता माझ्या मशीनला कुणी हात लावत नाही. पासवर्डपेक्षा बरं आहे!"

* * *

आणि मग बिनवायरचे आले.

कोडोलीत थोरले आनंदराव आणि धाकटा सुरेश असे दोन भाऊ. वडिलांचं खत-बियाण्याचं दुकान होतं. वडील गेले, वाटणी झाली, दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. बोलणं तुटलं. भिंतीच्या अलीकडं थोरल्याचं टेबल, पलीकडं धाकट्याचं.

थोरल्यानं आमच्याकडनं बिनवायरचा माऊस नेला. ते कळल्यावर धाकटा आला. "दादानं न्हेला तसाच पायजे. अगदी तसाच!"

थोड्याच दिवसांत आनंदराव दुकानात हजर. डोळे लाल.

"माझा बाण आपोआप पळतोय. वाटणी झाली तरी सुऱ्या माझ्या कॉम्प्युटरात हात घालतोय! मी पोलिसात जानार!"

विलासच्या लगेच ध्यानात आलं. दोन्ही माऊस एकाच चॅनेलचे. एकानं हलवला की दुसऱ्याचाही बाण हलणार. "पोलिसात जाऊ नका, आम्ही येऊन वायरचा बसवून देतो," म्हणालो खरं, पण कामात राहून गेलं. जायला महिना उलटला.

गेलो तेव्हा थोरल्याकडं गिऱ्हाईक होतं, म्हणून आधी धाकट्याकडं डोकावलो. त्याच्या कॉम्प्युटरला वायरचा माऊस जोडलेला!

"माझा बी बाण पळत हुता. तुम्ही येईनासा, म्हणून वारणानगरातनं आणला," सुरेश म्हणाला.

आमचा बिनवायरचा माऊस शेजारीच पडला होता. बोलता बोलता सुरेशनं तो डाव्या हातात घेतला आणि टेबलावर सावकाश गोल फिरवला.

भिंतीपलीकडनं आरोळी आली. "सुऱ्या! हात काढ की रं! बिल करायलोय!"

सुरेशचा पुन्हा एक गोल.

"जेवला न्हाईस व्हय अजून? जा की घरला!"

"जातो की!" सुरेश ओरडला आणि माऊस खाली ठेवला.

आम्ही वायरचा माऊस घेऊन थोरल्याकडं गेलो. आनंदरावांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि परत आमच्या पिशवीत टाकला.

"का हो? बाण पळतोय ना अजून?"

"पळतोय की."

मग प्लायवूडकडं बघत आवाज खाली आणून म्हणाले,

"तुम्ही बदलायला आलतासा, ह्ये त्याला सांगू नका. उगंच संशय यील त्याला!"