आमच्या जमादारांचं पिस्तूल

विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभं राहून, "घाबरू नका हो, आमच्या जमादारांजवळ पिस्तूल आहे!" असं खणखणीत आवाजात सांगणारी बाई अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच झाली असेल. ती मी. तेव्हा मी पासष्टीची कोवळी पोर होते, अक्कल यायची होती. आता सत्तरी ओलांडली, तरी तिची वाट बघतेच आहे.

हसा खुशाल. मीही हसते. पण जमादार कसे होते ते आधी ऐका.

आमच्या मागच्या खोलीत ते भाड्याने राहायचे. हुद्दा हेड कॉन्स्टेबल, पण आमच्याकडे त्यांना जमादारच म्हणतात. मोलगीच्याही वरच्या डोंगरातले, पावरा आदिवासी. गावाकडचं माणूस आलं की पावरी बोलायचे, आमच्याशी अहिराणी आणि साहेबांशी मराठी. बायको वर गावी शेती बघायची, हे इथे एकटेच.

त्यांचा उजवा हात सारखा कमरेला जायचा. पिस्तूल जागेवर आहे ना, हे बघायला. हत्यार ठाण्यात जमा केलेलं असलं तरी हात जायचाच. जेवताना, दाढी करताना, मारुतीला नमस्कार करताना. एकदा सकाळी लुंगीवर दात घासत उभे होते, तोंडात ब्रश, आणि हात कमरेला.

मी म्हटलं, "जमादार, लुंगीत काय शोधताय?"

बिचारे केवढे लाजले! "सवय शे मावशी."

एका जागी बसलेलं मी त्यांना फारसं पाहिलं नाही. अंगणात येरझाऱ्या, फोन आला तरी येरझाऱ्या, चहासुद्धा उभ्याने. आणि तोंडात हत्यारखान्यातला एक धडा कायमचा बसलेला: "रिकामं दिखस, तरी भरेल समजानं." रिकामं दिसलं तरी भरलेलंच समजायचं. गॅसची टाकी बदलताना तेच, कुकरचं झाकण काढताना तेच. एकदा आमचे 'हे' माझ्यावर रुसून दिवसभर गप्प बसले होते. मी म्हटलं, चला, राग संपला असेल. तर जमादार दारातूनच त्यांच्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "मावशी, रिकामं दिखस, तरी..." संध्याकाळी बार उडालाच.

त्या वर्षी त्यांच्या येरझाऱ्या फार वाढल्या. त्यांच्या डोंगरातली एक बाई आमच्या पायरीवर येऊन बसायची. तिची पोरगी मुकादमाबरोबर दक्षिणेत बांधकामाच्या कामाला गेली होती. होळीला डोंगरातलं माणूस कुठेही असो, परततंच. टोळीतले सगळे परतले, ही पोर परतली नाही. मुकादमाने हात वर केले आणि मग स्वतःच गायब झाला. ती बाई काही मागायची नाही की रडायची नाही. जमादार ठाण्यातून आले की त्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि उठून जीप गाठायची.

मग एके दिवशी कळलं की मुकादम बेंगळुरूला दुसऱ्याच कसल्या भानगडीत सापडलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टापुढे उभं करणार. आपल्याकडचा माणूस कागद घेऊन हजर झाला तर ताबा मिळणार, नाहीतर तो जामिनावर सुटणार. एकदा सुटला की पोरगी कुठे आहे हे सांगणारं माणूसच उरलं नसतं. दोन शिपाई रेल्वेने आधीच निघाले होते, पण कागदावर सही झाली संध्याकाळी. म्हणून जमादारांना विमानाने जायचं होतं. मुकादमाला रेल्वेने परत आणताना बंदोबस्त हवा, म्हणून सोबत पिस्तूल.

आणि योग बघा, त्याच विमानाचं माझंही तिकीट! लेकीचं बाळंतपण. दोघांचाही पहिला विमानप्रवास. माझ्या भाच्याच्या गाडीने आम्ही पहाटे सुरतेला निघालो. चिंचपाड्याजवळ गाडी थांबवून मी डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला.

"आते नको मावशी. तठे पोची जाऊत, मंग खासू."

तेही गाडीबाहेर उभ्याने. हात कमरेला.

विमानतळावर त्यांनी मला बजावलं, "मावशी, आठे मन्हं हत्यारनं नाव काढू नका." मी मान डोलावली आणि काय करतात ते बघायला मागोमाग गेले. काउंटरवर त्यांनी ओळखपत्र दाखवलं, ड्युटीचा कागद दाखवला, खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. त्यांना बाजूला नेलं. तिथे त्यांनी पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं दाखवलं, गोळ्या वेगळ्या मोजून दिल्या. सगळं एका पेटीत कुलपात बंद होऊन, चिठ्ठी लागून, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात गेलं. पोलीस असला तरी हत्यार जवळ ठेवून बसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कळलं म्हणजे डोळ्यांनी दिसलं. डोक्यात शिरलं नव्हतं.

पट्ट्यावरून पेटी दिसेनाशी झाली आणि जमादारांचा हात रिकाम्या कमरेवर जो फिरायला लागला! लेकरू गर्दीत हरवल्यासारखा चेहरा. हत्यार हरवलं तर नोकरी जाते, हे मला ठाऊक होतं. मला त्यांची दया आली आणि थोडं हसूही आलं.

मग तपासणीची रांग. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. माझ्यापुढे कडेवर मूल घेतलेली एक बाई होती, तीही पहिल्यांदाच जाणारी. घाबरून देवाचं नाव घेत होती. आता मी नोकरीभर मोलगीकडच्या शाळेत मास्तरीण. संध्याकाळी घाटातून खाली येताना जीपमध्ये कुणी पोलीस असला, की ड्रायव्हर मागे ओरडून सांगायचा, "जमादार शेतस गाडीमा, बिनघोर बठा!" आणि सगळी जीप खरंच बिनघोर व्हायची. बायका पिशव्यांवर डोकं टेकून झोपायच्या. मला वाटलं, या बाईलाही जरा झोप लागू दे. शिवाय खरं सांगू? मिरवायचंही होतं.

म्हणून मी ते वाक्य बोलले. वर जमादारांकडे बोटही दाखवलं.

ती बाई किंचाळली. तिचं मूल किंचाळलं. रांग फुटली. साध्या कपड्यातल्या आमच्या जमादारांना क्षणात चार जवानांनी घेरलं. मी आपली "अहो, चांगलं सांगतेय मी!" म्हणून ओरडत होते, म्हणजे आगीत रॉकेल.

त्यांचं सामान पुन्हा मागवलं. पेटी पुन्हा उघडली, गोळ्या पुन्हा मोजल्या. कागद चोख होते, जमादार एकेका प्रश्नाला सावकाश उत्तर देत होते. भिंतीवरचं घड्याळ मात्र सावकाश नव्हतं. आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. मला तेव्हा पायरीवरची बाई आठवली.

तिथल्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ये माताजी आपके साथ हैं? साथ हैं तो दोनों का बयान होगा. फ्लाइट भूल जाइए."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, सांगा, घरमालकीण आहे म्हणून सांगा.

"नहीं साहब. मैं नहीं जानता इनको."

"तो पिस्तौल का इनको कैसे पता?"

"काउंटर पे देखा होगा."

आणि गेले. धावत गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन दुपारपर्यंत एका खुर्चीत बसले. बयान झालं, माफी लिहून दिली. लेकीकडे पोचले दुसऱ्या दिवशी. नातू माझ्या आधीच पोचला होता.

जमादार वेळेवर कोर्टात उभे राहिले. मुकादम रेल्वेने आला, वाटेत बोलला. काही दिवसांनी पोरगीही आली. आईने तिला इथे खाली ठेवलंच नाही, थेट वर डोंगरात घेऊन गेली.

पण माझा रुसव्याचा फुगा काही उतरेना. जमादार त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि मी दुसरं काही बोलले नाही. दाराशी येऊन म्हणायचे, "मावशी, मीठ सरी गयं, द्या ना थोडं."

"कोण तुम्ही? मी नाही ओळखत."

अर्धं हसायचे. मीठ घेऊन जायचे. एकदा ओठ हलले, काहीतरी सांगणार असं वाटलं, तेवढ्यात मी पुन्हा "कोण तुम्ही?" म्हटलं आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. निवृत्त होऊन सामान जीपमध्ये टाकलं, त्या दिवशीही मी तेच म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं. मी मोलगीला गेले, बाजाराचा दिवस होता. तिथे पोरीची आई भेटली, टोपलीत आंबे घेऊन बसलेली. शेजारी बसले. रडू आलं, आणि रडता रडता तोंडातून आलं काय, तर तेच रडगाणं. म्हटलं, इतक्या वर्षांचा शेजार, माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस, आणि चार लोकांसमोर मला ओळखत नाही म्हणाला, टाकून गेला.

तिने ऐकून घेतलं. डोंगरातली माणसं सगळ्यांना अरेतुरेच करतात, तशी ती मोडक्या मराठीत म्हणाली, "तू अजून रागावते? तुला सोडून गेला तो, म्हणून माझी आली."