तेजसच्या पंखावरचा खडू

गावातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ अजून असेल. जेमतेम मिनिटभराचा. आमच्या गावचे गॅरेजवाले चाचा हात जोडून उभे आहेत आणि कागदात बघून माफी मागतायत. मी तो एकदाच पाहिला. चाचांच्या हातातला तो कागद माझ्या अक्षरातला आहे.

मला गोल गोल लिहिता येत नाही. मी पत्रकं लिहून शिकलेला माणूस. कॉलेज सुटल्यापासून हेच करतोय. एसटीचा थांबा, पाण्याची टाकी, शाळेची गळकी खोली, कुठलाही विषय द्या, अर्ध्या तासात एक पान तयार. वर ठळक प्रश्न, खाली मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. लोक पत्रक घेतात, घडी घालतात आणि त्यात भजी गुंडाळून नेतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. निदान हातात तरी घेतात.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला चिकटून. वळणावर चाचांचं पत्र्याचं गॅरेज. मोटारसायकल, ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, वेल्डिंग, सगळं तिथंच. चाचांची एक पद्धत होती. गाडी आली की तिच्याभोवती एक चक्कर मारायची, कान लावायचा, आणि खिशातला पांढरा खडू काढून दोष थेट गाडीवरच लिहायचा. टाकीवर ‘कार्बोरेटर’. मडगार्डवर ‘बेअरिंग गेली’. काम झालं की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. खडू पुसलेला दिसला म्हणजे गाडी दुरुस्त. मालकाला विचारायचीही गरज नाही.

“तोंडानं कशाला सांगू?” चाचा म्हणायचे. “तोंडाचं मानूस इसरतंय. लिवलेलं दिसतंय.”

इतक्या वर्षांत कुणाला त्यात अपमान वाटला नव्हता. सरपंचाच्या जीपवरसुद्धा ‘क्लच खराब’ लिहिलेलं मी पाहिलंय. सरपंच तसाच ती जीप घेऊन लग्नाला जाऊन आला होता.

त्या वर्षी सीमेवर तणातणी झाली आणि गॅरेजसमोरच्या बाकड्यावर एकदम हवाई दल उतरलं. रोज संध्याकाळी तेच. कुणाचं विमान भारी? ज्याच्या मोटारसायकलला पुढचा ब्रेक नाही तो रडारवर बोलायचा. ज्याला सिरसाळ्याचा रस्ता विचारल्याशिवाय सापडत नाही तो क्षेपणास्त्राचा पल्ला सांगायचा. मोबाइलवर कुणीतरी दणदणीत आवाजात सांगणार, हे विमान दिसत नाही, ते विमान चुकत नाही. आणि बाकड्यावरचे मान डोलावणार, जणू उद्या ह्यांनाच बसायचंय त्यात. माणसं मारायच्या यंत्रांवर बैलांच्या शर्यतीसारख्या पैजा लावत होते. मला ते पटायचं नाही. पण मी तिथं बसायचो. उठून जायचो नाही, हेही लिहून ठेवतो.

मग गणपती जवळ आले आणि मंडळानं देखावा ठरवला: जगातली सर्वांत प्रगत लढाऊ विमानं. पाच विमानं पत्र्यात करायची. अमेरिकेचं एफ-३५, रशियाचं सुखोई-५७, चीनचं जे-२०, फ्रान्सचं राफेल आणि आपलं तेजस. वेल्डिंग चाचांकडं. विमानांची तुलना करणारं माहितीपत्रक माझ्याकडं. मंडळाचा अध्यक्ष माझ्याच वर्गातला. गॅरेजखालची जागाही त्याच्याच घरची. तो खांद्यावर हात टाकून म्हणाला, “तुझं टाकीचं रडगाणं ठेव बाजूला. एकदा देशाचं काम कर की बे.”

मी केलं. हसू नका. पत्रक लिहायला सांगितलं की माझा हात शिवशिवतो.

चाचा तेलाच्या रिकाम्या पिपांचे पत्रे कापायचे आणि मी शेजारी बसून मोबाइलवरून माहिती उतरवायचो. वेग, पल्ला, शस्त्रं, रडारवर दिसतं का. चाचांना त्यातलं काही ऐकायचं नसायचं.

“पळतं किती ते राहू दे,” चाचा म्हणाले. “स्पेअर कुठं भेटतो?”

“चाचा, ते लढाऊ विमान आहे. मोपेड नाही.”

“मग तर जास्तच लागतो बाबा. एक घंटा उडालं तर खाली आल्यावर किती घंटे खोलून ठिवावं लागतं? ते लिव. गाडी पळताना सगळ्याच भारी असत्यात.”

माझ्या तक्त्यात असा रकानाच नव्हता. बाकड्यावरच्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता, मलाही नाही. मी शोधायला लागलो, आणि तक्ता बदलत गेला. एफ-३५ रडारला चकवतं ते बरंचसं त्याच्या अंगावरच्या लेपामुळं, आणि त्या लेपाला नव्या नवरीसारखं जपावं लागतं. सुखोई-५७ नवीन इंजिनाची वाट बघत राहिलं. जे-२० सुरुवातीला रशियाच्या इंजिनावर उडालं. राफेल आपण घेतलं खरं, पण ते मुळात फ्रान्सचं. आणि तेजसचं इंजिन अमेरिकेतून येतं. हे काही मी गुप्त खोलीत शिरून आणलं नव्हतं. कुणीही शोधावं, सापडतं.

चाचा हात पुसत म्हणाले, “म्हंजी सगळ्यांच्यात काय ना काय हाय. मग ह्ये बाकड्यावरचे रोज भांडत्यात कशाला?”

मी हे सगळं पत्रकात घातलं. तेजससमोर स्पष्ट लिहिलं: इंजिन परदेशी बनावटीचं. अध्यक्षानं प्रूफ पाहिलं, त्याचा स्वतःचा फोटो मोठा करायला लावला आणि छापायला पाठवलं. पत्रक घरोघर गेलं. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. कुणी वाचलंच नव्हतं, दुसरं काय.

स्थापनेच्या दोन दिवस आधी विमानं गॅरेजसमोर ओळीनं उभी होती. रंग झालेला, वाळायला ठेवलेली. चाचांनी शेवटची पाहणी केली. सवयीनं चक्कर मारली, आणि सवयीनंच खडू काढला. एफ-३५ वर लिहिलं, ‘कलर नाजूक’. सुखोईवर ‘नवं इंजिन बाकी’. जे-२० वर ‘पयलं इंजिन रशिया’. राफेलवर ‘स्पेअर फ्रान्स’. तेजसच्या पंखावर ‘इंजिन बाहेरचं’. मी तिथंच होतो. मला ते इतकं आवडलं की मी पाचही विमानांचा एकत्र फोटो काढला. माझ्या सबंध पत्रकापेक्षा त्या पाच ओळी चांगल्या होत्या.

“पुसतो उद्या,” चाचा म्हणाले. “रंग वाळू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळातला एक जण आला. त्यानंही फोटो काढला. एकाच विमानाचा, एकाच पंखाचा, आणि शेजारी टोपी घालून उभ्या असलेल्या चाचांचा. स्टेटसवर लिहिलं, ‘आपल्याच विमानात खोट काढणारा कोन हाय, वळखा!’

दुपारपर्यंत तो फोटो तालुकाभर फिरला. उमापूरहून चाचांच्या लेकीच्या सासऱ्याचा फोन आला, “काय करून बसलात तुमी?” चाचांना आधी कळेचना. ते मला विचारत होते, “बेटा, चूक लिवलं का मी? इंजिन आपलं हाय का?”

“नाही चाचा. बरोबर लिहिलंय.”

“मग?”

मी पत्रक खिशात घालून मांडवात गेलो. अध्यक्ष खुर्चीत बसून लाइटच्या माळा तपासत होता. भोवती आठ-दहा जण. मी पत्रक त्याच्या पुढ्यात धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“हे वाच. हे मी लिहिलंय. तू छापलंयस. तुझा फोटो आहे वर.”

“मग?”

“मग चाचांनी वेगळं काय लिहिलं?”

“तू लिवलं ती माहिती झाली,” तो म्हणाला. “त्यानं लिवली ती खोट.”

मी माझ्या मोबाइलमधला पाचही विमानांचा फोटो दाखवला. “चीनच्या विमानातही खोट काढलीय की. ती का नाही स्टेटसला टाकली?”

मागून कुणीतरी म्हणालं, “ह्यो आता चीनची बाजू घ्यायलाय!” सगळे हसले. मग अध्यक्ष समजुतीच्या सुरात, गोड आवाजात म्हणाला, “तुला कुनी काय म्हनलं का? न्हाई ना? तू आपला हाय. तुझं कुनी मनावर घेत न्हाई. पन त्यानं कशात हात घालावा, कशात न्हाई, ह्याला काय इचार हाय का न्हाई?”

ज्यानं पाचही विमानं स्वतःच्या हातानं उभी केली त्यानं कशात हात घालावा, हे हा ठरवणार! त्याच विमानांसमोर ह्यांना आठवडाभर फोटो काढून घ्यायचे होते. माझ्या हातात माईक असता तर मी तिथंच भाषण ठोकलं असतं. पण त्याआधीच अध्यक्षानं पुढचं वाक्य टाकलं.

“आज संध्याकाळपर्यंत माफीचा व्हिडिओ टाकायचा. न्हाईतर जागा मोकळी करून द्यायची. पत्रे आमी काढून घिऊ.”

मी गॅरेजवर परतलो आणि चाचांना म्हणालो, माफी मागायची नाही. आपण पत्रक काढू. दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापू. लोकांना कळेल.

चाचांनी मला बसायला पान्ह्यांची पेटी सरकवली. “कोन वाचतं तुझं पत्रक?”

मी पेटीवर बसलो.

“मी हितनं उठलो तर कुटं जाऊ? समद्या गाड्या ह्या वळनावर येत्यात. लिव काय लिवायचं ती माफी. मला लांबलचक मराठी वाचायला जड जातंय, सोपं लिव.”

मी लिहिली. उद्गारचिन्ह न घालता आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं. लिहिलं, ‘माझ्या लिहिण्यातून गैरसमज झाला असेल तर…’ अध्यक्ष आला, वाचलं आणि म्हणाला, “गैरसमज काढ. गैरसमज कुनाचा? आमचा का?” मी काढलं. “झाला असेल तर काय? झालंच हाय.” मी ‘असेल तर’ काढलं. मग त्यानं शेवटी एक ओळ घालायला लावली: ‘हे विमान शंभर टक्के आपले आहे.’ तीही मी माझ्याच अक्षरात घातली. पाण्याच्या टाकीसाठी तहसीलसमोर उन्हात दोन दिवस बसणारा मी. एकाही शब्दासाठी अडून बसलो नाही. चाचांची जागा वाचवत होतो, असं स्वतःला सांगत होतो. खरंही होतं ते. म्हणूनच तर किळस जात नाही.

व्हिडिओ तेजससमोर उभं राहून काढला. चाचांनी हात धुतले होते, शर्ट बदलला होता. ते एकेक शब्द वाचत गेले. शेवटच्या ओळीवर येऊन थांबले. कागदावरून मान वर करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खऱ्याखुऱ्या शंकेनं विचारलं, “अन् इंजिन?”

मोबाइल धरलेला पोरगा खदखदून हसला. अध्यक्ष म्हणाला, “कट कर, कट कर. परत घे.”

चाचा माझ्याकडं बघतच होते. मी म्हणालो, “वाचा चाचा.”

त्यांनी वाचलं. मग बादलीतलं फडकं पिळून पाचही विमानं पुसली. तेजस सगळ्यांत शेवटी.

देखावा गाजला. लोक चौसाळ्याहून बघायला आले. पंखाखाली लेकरं उभी करून फोटो काढले. माझ्या पत्रकावर प्रसादाचा शिरा वाटला गेला. विसर्जनानंतर विमानं शाळेच्या मागं टाकली, ती तिथंच गंजतायत. गॅरेज मात्र जाग्यावर आहे. पत्र्याला कुणी हात लावला नाही.

चाचा आता खडू ठेवत नाहीत. गाडी आली की चक्कर मारतात, कान लावतात. हात खिशाकडं जातो आणि रिकामा परत येतो. मग हळू आवाजात काहीतरी सांगतात. लोक ‘बरं बरं’ म्हणतात आणि विसरतात.

मागच्या महिन्यात अध्यक्षाची जीप आली. तो मोबाइलमध्येच होता. चाचांनी चक्कर मारली, खाली वाकून स्टिअरिंगचा सांधा हलवून पाहिला. अध्यक्षानं विचारलं, “काय निघालं का चाचा?”

“काय न्हाई,” चाचा म्हणाले. “लई झकास गाडी हाय. शंभर टक्के. चहा पिऊन या.”

तो चहाला गेला. चाचांनी मला टॉर्च धरायला लावला, जीपखाली शिरले आणि सांधा बदलला. जुना काढून माझ्या तळहातावर ठेवला. इतका झिजला होता की बोटानं हलवला तरी खुळखुळत होता. चौसाळ्याच्या उतारावर जीप सरळ ट्रकखाली गेली असती.

“सांगा ना त्याला,” मी म्हणालो.

“माफी कोन लिवल मग? तूच ना?”

अध्यक्ष परत आला, किल्ली घेतली आणि बाकड्याकडं बघून ओरडला, “बघितलं का बे? एवढी पळाली, पन माझ्या गाडीत खोट म्हनून निघाली न्हाई!”

बाकड्यावरच्यांनी मान डोलावली. चाचांनीही. मी तो सांधा मुठीतच ठेवला.