न भरणारी टाकी

आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण बांधलेल्या घरांचं कौतुक त्यांनी कधी सांगितलं नाही. कौतुक सगळं आमच्या संडासाच्या टाकीचं! पाहुणा दारात चप्पल काढतोय तोवर यांचं सुरू, "अठरा वर्षं झाली, एकदाही उपसलेली नाही. भरतच नाही. हाताला यश लागतं त्याला." मी म्हणायचे, "बाबा, माणसाला आधी टेकू तरी द्या, टाकी कुठं पळून चालली नाही." ते हसायचे आणि पाहुण्याला झाकण दाखवायला परसात घेऊन जायचे.

माणूस मात्र मायाळू. कुणाची पायरी खचली की न बोलावता थापी घेऊन हजर, वर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मागच्या घरातली चिमी, सहा वर्षांची, त्यांची फार लाडकी. भिंतीवरून हाक आली की हातातला घास टाकून उठायचे.

त्या चिमीला दोन महिने दुखणं लागलं होतं. जुलाब, ताप, जरा बरं वाटलं की पुन्हा जुलाब. आता तिसऱ्यांदा दवाखान्यात ठेवली होती, आठवडा झाला होता. पोरगी नुसती काडी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "हिचं आणखी एकदा असं उलटलं तर काही सांगता येत नाही." बाहेर काय खाल्लं म्हणून सगळ्यांनी तिच्या आईचं डोकं खाल्लं. त्यात आम्हीही होतो.

त्या मंगळवारी आमचा संडास तुंबला. उपसणाऱ्याला फोन केला तशा बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पाइप मोकळा कर आणि जा. टाकीला हात लावायचं कारण नाही." टँकरवाला कमी बोलणारा होता. पाइपात अडकलेलं फडकं त्यानं काढलं. ते माझंच, पोछा मारून बादली तिथं ओतली होती मी. मग म्हणाला, "आलोच आहे तर बघतो. मागं सरा, काडी ओढू नका, आत वाकून बघू नका." झाकण सरकवून आतला वायू निघून जाईपर्यंत तो लांब उभा राहिला. मग टोकाला पांढरा टॉवेल गुंडाळलेली लांब काठी आत सोडली.

काठी वर आली. जेमतेम वीतभर ओली.

"घरात माणसं किती?"

"सहा," बाबा छाती काढून म्हणाले. "बघितलंस? अठरा वर्षं!"

तो बाबांकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला. "वहिनी, चांगली टाकी कायम पाण्यानं भरलेलीच असते. गाळ खाली बसतो, वरचं पाणी पाइपानं शोषखड्ड्यात जातं. तो गाळ आम्ही दोन-तीन वर्षांनी काढतो. ही तर रिकामी आहे. अठरा वर्षांचं गेलं कुठं?"

टँकरवाल्यानं मान वळवली. भिंतीपलीकडे, उताराच्या बाजूला, चिमीच्या घरच्या विहिरीचा रहाट दिसत होता.

"त्या विहिरीचं पाणी पितात का?"

"पितात," मी म्हणाले. नळ आमच्यापर्यंतच आलाय. त्यांची विहीर यंदा पार तळाला गेली होती; उरलेल्या थोड्या पाण्यात आमचंच झिरपत होतं.

बाबा पायरीवर बसले. "तळ टाकलाच नाही मी," ते हळू म्हणाले. "खाली नुसती माती ठेवली. जिरत राहतं, भरत नाही. लोकांना उपसायची कटकट नको म्हणून. खूश असायचे सगळे."

"सगळे म्हणजे? बाबा, किती टाक्या?"

"गल्लीतल्या सगळ्याच."

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की गप्प बसावं. विहिरीत औषध टाका म्हणावं, झालं. टँकरवाला विचारत होता, "तुम्ही सांगताय, की मी सांगू?" पण त्याचं बोलणं संपायच्या आत बाबा उठले होते.

मी मागोमाग धावले. चिमीची आई संध्याकाळी दवाखान्यात जायला दाराला कुलूप लावत होती. खांद्याला पिशवी, हातात बाटली.

"बरं झालं भेटलात, काका! सकाळी चार घास खाल्ले तिनं. तुमची आठवण काढत होती."

"बाटलीत काय आहे?"

"पाणी हो. दवाखान्याचं तिला गिळवत नाही, आपल्या विहिरीचंच दे म्हणते. रोज संध्याकाळी भरून नेते."

बाबांनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. सगळं पाणी त्यांनी मातीत ओतलं. "अहो काका, हे काय खूळ!" ती ओरडली. मग त्यांनी सांगितलं. काहीही झाकलं नाही, स्वतःसाठी माफीही मागितली नाही.

मला वाटलं ती अंगावर धावून येईल. यावं, असंही वाटलं. ती त्या ओल्या मातीकडे बघत राहिली.

"डॉक्टर रोज विचारतात," ती म्हणाली, "दिवसभर पोरगी सुधारते, मग रात्रीतून पुन्हा कशी उलटते. म्हणतात, संध्याकाळी कोण येतं तिच्याकडे?" तिनं बाबांच्या तोंडाकडे बघितलं. "मीच जाते ना, काका."